व्रणाचे सोवळे

(हृदयशस्त्रक्रियेनंतरच्या जखमेतील जंतुसंसर्ग आणि त्याचा प्रतिबंध या विषयावरील व्याख्यानाचा मजकूर)



जखम म्हणजे काय, हे सावरगावाला बाहेरच्या कोणी येऊन सांगण्याची आवश्यकता नाही. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवले जाते, एका काठावर सावरगाव आणि दुसऱ्या काठावर पांढुर्णा उभे राहते, आणि गोटमारीच्या त्या एका दिवसात कित्येकांची कपाळे फुटतात, कित्येकांचे हातपाय जायबंदी होतात. प्रशासन उपचारपथके सज्ज ठेवते; तरीही माणसे दगावल्याच्या घटना घडल्या आहेत. रक्त पाहून बिचकणारे हे गाव नव्हे.

परंतु या धैर्याच्या पोटात एक सवयही दडलेली असते. जखम झाली की तिच्यावर अंगारा लावावा, चिमूटभर हळद दाबावी, हाताशी असेल ते फडके बांधावे आणि कामाला लागावे, ही रीत गावोगाव आढळते. अशा जखमा पुष्कळदा भरूनही येतात. कारण धडधाकट माणसाची कातडी आणि रक्त स्वतःच जंतूंशी झुंज देत असतात. जखम शरीराने भरून काढलेली असते, श्रेय मात्र अंगाऱ्याला मिळते. एरवी त्याने फारसे बिघडत नाही; पण एका जखमेच्या बाबतीत हीच समजूत प्राणावर बेतू शकते. ती जखम म्हणजे हृदयावरील शस्त्रक्रियेची जखम होय.

2023 साली छिंदवाड्यापासून वेगळ्या झालेल्या पांढुर्णा जिल्ह्यातील, म्हणजे पांढुर्णा आणि सौंसर भागातील, अनेक कुटुंबे मोठ्या उपचारासाठी सुमारे 100 किलोमीटरवरील नागपूरची वाट धरतात. शस्त्रक्रिया नागपूरला होते. पण जखम भरते ती घरी. शल्यविशारदाचे काम काही तासांत आटोपते. घरच्यांचे काम तीन महिने चालते. म्हणून हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच महाजन कुटुंबांच्या माजघराचाही आहे.

या जखमेचे स्वरूप प्रथम समजून घेणे इष्ट ठरेल. छातीच्या मधोमध बोटांना लागते ते उभे हाड म्हणजे उरोस्थी. हृदयापर्यंत पोहोचण्यासाठी हे हाड करवतीने उभे चिरले जाते, दोन्ही बाजू दूर सारल्या जातात, आणि काम संपल्यावर पोलादी तारांनी हाड पुन्हा बांधले जाते. हृदयाला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या तुंबल्यामुळे बायपास करावयाची असेल, तर पायातील एक लांब शीर काढून ती हृदयावर जोडतात. तेव्हा पायावरही एक जखम असते. वरची कातडी आठ-पंधरा दिवसांत जुळून येते आणि पाहणाऱ्याला वाटते, सारे झाले. पण आतले हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात, आणि पूर्ण बळकटी येण्यास सुमारे तीन महिने. त्या हाडामागेच हृदय असते. कातडीखालून आत शिरलेल्या जंतूला तेथपर्यंतचे अंतर फार थोडे असते.

संसर्ग दोन प्रकारचा असतो. पहिला वरवरचा, केवळ कातडी व तिच्याखालच्या चरबीपुरता. तो वेळीच ध्यानात आल्यास बहुधा आटोक्यात येतो. दुसरा खोलवरचा. तो हाडात आणि हाडामागच्या पोकळीत पसरतो. चांगल्या रुग्णालयांत असा खोल संसर्ग शंभरांतून एखाददुसऱ्यालाच होतो. पण ज्याला होतो त्याची छाती पुन्हा उघडावी लागते, तारा काढाव्या लागतात, सडलेले हाड खरवडून टाकावे लागते आणि कधी छातीचा स्नायू फिरवून ती पोकळी झाकावी लागते. कित्येक आठवडे रुग्णालयात जातात, घर कर्जात बुडते आणि काही रुग्ण त्यातून उठतच नाहीत. हृदय दुरुस्त झालेले असते. माणूस जातो तो जखमेने. यापरते दुर्दैव कोणते?

हे जंतू येतात कोठून? बहुतेकांना वाटते, रुग्णालयाच्या हवेतून किंवा डॉक्टरच्या हत्यारांवरून. तसेही घडू शकते. पण या जखमांमध्ये वारंवार सापडणारा स्टॅफिलोकोकस हा जंतू पुष्कळदा रुग्णाच्या स्वतःच्याच नाकात आणि कातडीवर मुक्कामाला असतो. नाकात असतो तोवर तो उपद्रव देत नाही; चिरलेल्या हाडात पोहोचला की वैरी बनतो. शत्रू घरातलाच असल्याने सावधगिरीही घरापासूनच सुरू झाली पाहिजे.

स्वच्छतेचा हा विचार परदेशातून आलेला आहे, असे मानण्याचे कारण नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात व्रणी मनुष्याने कसे राहावे यावर एक स्वतंत्र अध्याय आहे. नखे व केस कापलेले असावेत, वस्त्र शुभ्र असावे, खोली स्वच्छ असावी, आणि मोहरी, निंबाची पाने, तूप व मीठ यांचा धूप दिवसातून दोन वेळा, दहा दिवसपर्यंत द्यावा, असे तेथे सांगितले आहे. जंतू हा शब्द त्या ग्रंथकारापाशी आजच्या अर्थाने नव्हता. पण व्रणाला बाहेरून काही बाधते आणि त्याला दाराबाहेर ठेवले पाहिजे, हे निरीक्षण मात्र अचूक होते.

आधुनिक काळात हा धडा जगाला फार महागात पडून शिकावा लागला. 1847 साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या डॉक्टराने पाहिले की, शवविच्छेदन करून थेट प्रसूतीच्या कामाला येणाऱ्या विद्यार्थ्यांच्या कक्षात बाळंतिणी अधिक मरतात. त्याने क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुण्याचा दंडक घातला. एप्रिल महिन्यात शंभरांत 18 च्या घरात असलेले मृत्यू जूनपर्यंत 2 च्या आसपास उतरले. तरीही त्या काळच्या मान्यवरांनी त्याची थट्टाच केली. आपले हात मृत्यू वाहून नेतात, हे प्रतिष्ठितांना मानवले नाही. पुढे 1867 साली जोसेफ लिस्टर यांनी कार्बोलिक आम्लाने जखमा व हत्यारे शुद्ध करण्याची पद्धत प्रसिद्ध केली, तेव्हा शल्यविद्येला नवे युग लाभले.

हृदयाची पाळी त्यानंतर पुष्कळ उशिरा आली. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फिया येथे जॉन गिबन यांनी हृदय व फुप्फुसांचे काम करणाऱ्या यंत्राच्या साहाय्याने उघड्या हृदयावर पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 16 फेब्रुवारी 1968 रोजी हृदयारोपण केले. देशातील तो पहिलाच प्रयत्न होता. रुग्ण काही तासच जगला. पण या भूमीतील शल्यविशारद कोणत्या साहसाला हात घालीत होते, हे त्यावरून ध्यानी येते. त्या काळी जे अपूर्व होते, ते आज नित्याचे झाले आहे. नित्याचे झाले म्हणूनच त्यातील धोका विसरला जाण्याचा संभव अधिक.

आता सावरगावातील एखाद्या गृहस्थाची कल्पना करावी. वय साठीच्या आसपास, संत्र्याची बाग, घरी बैलजोडी, दहा वर्षांचा मधुमेह आणि खर्ऱ्याचे व्यसन. नागपूरच्या डॉक्टरांनी बायपास सांगितली आहे आणि श्रावणाच्या आरंभीचा दिवस ठरला आहे. या गृहस्थाच्या जखमेचे भवितव्य शस्त्रक्रियेच्या मेजावर नव्हे, तर त्याआधीच्या महिन्यात ठरू लागते.

पहिली गोष्ट साखरेची. रक्तात साखर वाढलेली असली की जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात आणि जखम भरण्याचे काम रखडते. अमेरिकेतील पोर्टलंड येथे 1987 ते 1997 या काळात मधुमेही हृदयरुग्णांवर केलेला अभ्यास या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्वचेखाली ठरावीक वेळी इन्शुलिन टोचण्याऐवजी ते शिरेतून अखंड देऊन साखर काबूत ठेवली, तेव्हा खोल संसर्गाचे प्रमाण शंभरांत 2 वरून 0.8 वर आले. शस्त्रक्रियेच्या दिवसांत साखर 180 च्या खाली राखण्याकडे आज डॉक्टरांचा कटाक्ष असतो. पण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी तपासणी शस्त्रक्रियेआधीच करून घेणे, आणि ती फार चढलेली आढळल्यास शस्त्रक्रिया तातडीची नसेल तर थोडी थांबून साखर उतरविणे, यात कमीपणा मुळीच नाही.

दुसरी गोष्ट तंबाखूची. धूम्रपानाने रक्तवाहिन्या आकसतात, जखमेच्या कडांना रक्त कमी पोहोचते; शिवाय खोकला वाढतो आणि प्रत्येक ढास बांधलेल्या हाडाला हिसका देते. खर्ऱ्यातील तंबाखूही रक्तवाहिन्या आकसविण्यात मागे नाही. निदान चार आठवडे आधी विडी-सिगारेट व खर्रा दोन्ही सुटले पाहिजेत. तिसरी गोष्ट दातांची. किडलेला दात किंवा सुजलेली हिरडी जंतूंचे कोठार असते. हृदयाची झडप बदलावयाची असेल तर दातांचा उपचार आधी उरकणे अगत्याचे असते, कारण तेथील जंतू रक्तातून नव्या झडपेवर जाऊन बसू शकतात.

चौथी गोष्ट नाकाची, आणि ती ऐकणाऱ्याला काहीशी चमत्कारिक वाटेल. नाकात स्टॅफिलोकोकस बाळगणाऱ्या रुग्णांना म्युपिरोसिन नावाचे मलम दिवसातून दोन वेळा, पाच दिवस नाकात लावावयास देतात आणि क्लोरहेक्सिडिनच्या साबणाने स्नान घालतात. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील संशोधनात असे करणाऱ्या वाहक रुग्णांत या जंतूचा संसर्ग शंभरांत 7.7 वरून 3.4 वर आलेला दिसला. एवढ्याशा मलमाचे हे काम आहे. डॉक्टरांनी ते दिले असेल तर कंटाळा करू नये. दिले नसेल तर विचारण्यात संकोच नसावा.

पाचवी गोष्ट केसांची. शस्त्रक्रियेला जाताना स्वच्छ जावे या सद्हेतूने काही जण आदल्या दिवशी न्हाव्याकडून छाती वस्तऱ्याने तासून घेतात. हे करू नये. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे असंख्य ओरखडे पडतात आणि रातोरात त्यांत जंतू वाढतात. केस काढणे आवश्यकच असेल तर रुग्णालयात विजेच्या कातरणीने ते कापतात. वस्तरा वापरू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2016 च्या मार्गदर्शनात निक्षून सांगितले आहे.

शस्त्रक्रियागृहातील व्यवस्था रुग्णाच्या हाती नसते. पण तिचे मर्म घरच्यांना ठाऊक असावे. प्रतिजैविकाची मात्रा छेद घेण्यापूर्वी, सामान्यतः तासाभराच्या आत देतात. म्हणजे सुरी कातडीला लागते त्या क्षणी औषध तेथे पहाऱ्याला उभे असते. शस्त्रक्रिया लांबली तर मात्रा पुन्हा देतात. आणि ज्याचे आश्चर्य वाटेल ते असे की, प्रतिबंधासाठी दिलेले हे औषध एक-दोन दिवसांत बंद करतात. औषध थांबविले म्हणजे डॉक्टरांनी काटकसर केली, अशी शंका घेऊ नये. प्रतिजैविक उगाच लांबविले तर दुबळे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा तेच औषध निकामी ठरते. घरी आल्यावर औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने प्रतिजैविकांच्या गोळ्या आणून घेणे याच कारणाने घातक होय.

शस्त्रक्रियेनंतर पहिला शत्रू म्हणजे प्रेमाने आलेली माणसे. सावरगावासारख्या गावातून कोणी नागपूरला दवाखान्यात आहे असे कळले की जीप भरून माणसे निघतात. त्यांची माया खरी. पण प्रत्येकाच्या हातावर एस.टी.च्या दांड्यापासून बसस्थानकाच्या कठड्यापर्यंत सर्वांचा प्रसाद असतो. रुग्णापाशी एकानेच थांबावे. जवळ जाण्यापूर्वी व जवळून निघताना साबणपाण्याने 40 ते 60 सेकंद हात धुवावेत, किंवा रुग्णालयात ठेवलेले औषधी द्रव हातांना 20 ते 30 सेकंद चोळावे. सर्दी-पडसे असलेल्याने, अंगावर फोड असलेल्याने जाऊच नये. परिचारिका वा डॉक्टर हात न धुता जखमेकडे वळले असे दिसले, तर नम्रपणे आठवण करून देणे हा अपमान नव्हे. ती रुग्णाची सेवा आहे.

गृहस्थ घरी येतो. दारात आरती होते, अंगारा लावला जातो. कपाळावर अंगारा लावावा. त्यास कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. जखमेवर मात्र अंगारा नको, हळद नको, तूप-तेल नको, शेण-मातीचा स्पर्श तर नकोच नको. हळदीच्या गुणांविषयी वाद नाही. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते, आणि माती व शेण यांत धनुर्वाताचे बीज असू शकते. डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर साध्या साबणाने व वाहत्या पाण्याने जखम हळुवार धुवावी, स्वच्छ पंचाने टिपून कोरडी करावी, आणि उघडी वा झाकलेली ठेवावी याविषयी डॉक्टरांचे सांगणे पाळावे. नदीत, विहिरीवर किंवा टाक्यात बुडून स्नान काही आठवडे वर्ज्य समजावे. पायावरच्या जखमेकडे विशेष लक्ष हवे. ती जमिनीच्या जवळ असते, तिच्यावर सूज येते आणि छातीच्या जखमेपेक्षा ती अधिक वेळा चिघळते. बसताना पाय उंच ठेवावा आणि पावसाळ्याच्या चिखलात बागेत जाण्याचा मोह आवरावा.

एवढ्यात पोळा येतो. बैलजोडी सजते, आणि आजवर ज्याने स्वतः बैल तोरणाखाली नेले, त्या गृहस्थाचा हात आपोआप कासऱ्याकडे जातो. नेमका हाच क्षण धोक्याचा. बैलाने मान हिसडली की तो सारा झटका तारांनी बांधलेल्या हाडावर येतो. हाड हलले की कातडीला फट पडते आणि जंतूंना वाट मिळते. निदान पहिले दोन महिने चार-पाच किलोंपेक्षा अधिक वजन उचलू नये, काही ओढू वा ढकलू नये, मोटारसायकल चालवू नये. अंथरुणातून उठताना हातांवर भार न देता कुशीवर वळून उठावे. खोकताना वा शिंकताना उशी छातीशी घट्ट कवटाळावी. स्त्रियांनी छातीला आधार देणारे योग्य मापाचे वस्त्र वापरावे, म्हणजे जखमेवर ताण पडत नाही.

देवदर्शनाच्या बाबतीतही हाच विवेक हवा. देवळात हळूहळू चालत जाणे, प्रदक्षिणा घालणे हे हिताचेच आहे. चालण्याने रक्ताभिसरण सुधारते. पण साष्टांग नमस्कारात देहाचा भार तळहातांवर आणि छातीवर येतो. डोक्यावर टांगलेली घंटा वाजविताना हात एकदम वर ताणला जातो. पालखीला खांदा देताना छाती पिळवटते. ही सारी तीन महिने स्थगित ठेवावीत. उभ्याने हात जोडलेले देवाला कमी पोहोचतात, असे कोणत्याही शास्त्रात सांगितलेले नाही. उपवासाचेही तसेच आहे. जखम भरण्यास प्रथिने लागतात. ती वरण, उसळी, दूध, दही, शेंगदाणे यांतून आणि खाणाऱ्यांना अंड्यांतून मिळतात. मधुमेही रुग्णाने श्रावणाचे सारे वार साबुदाण्यावर काढले, तर साखर चढते आणि शरीरही उपाशी राहते.

धोक्याची लक्षणे घरातल्या प्रत्येकाला पाठ असावीत. जखमेभोवती वाढती लाली व उष्णता, पाण्यासारखा वा पुवासारखा स्राव, ताप, थंडी, कमी होण्याऐवजी वाढत जाणारे दुखणे, आणि श्वास घेताना वा कूस वळताना छातीच्या हाडात होणारी खटखट. यांपैकी एकही दिसले तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या रुग्णालयाशी संपर्क साधावा. सणाचे दिवस आहेत, चार दिवसांनी पाहू, असे म्हणू नये. खोल संसर्ग कधी दोन-तीन आठवड्यांनी, तर कधी त्याहूनही उशिरा उघडकीस येतो. म्हणूनच अशा शस्त्रक्रियेनंतर जखमेवर 90 दिवस लक्ष ठेवण्याचा संकेत आहे. रुग्ण बहुधा बोलत नाही. खर्च झाला, पोरांनी रजा घेतल्या, आता आणखी त्रास कशाला, असे म्हणून तो सदऱ्याखालचा ओला डाग लपवितो. तो डाग पहिल्यांदा दिसतो तो कपडे धुणाऱ्या गृहिणीला. घरातील सर्वांत दक्ष वैद्य तीच होय, आणि तिचे म्हणणे मोडीत काढू नये.

देवस्थानशी पिढ्यान्‌पिढ्या निगडित असलेल्या कुटुंबांना सोवळे हा शब्द नवा नाही. हात धुतल्यावाचून गाभाऱ्यात जाऊ नये, धूतवस्त्रावाचून मूर्तीला स्पर्श करू नये, एका भांड्याचे पाणी दुसऱ्यात मिसळू नये, ही शिस्त त्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. शस्त्रक्रियागृहाची शिस्त याच जातीची आहे. पण एक भेद ध्यानात ठेवण्याजोगा आहे. माणसांनी पुढे सोवळ्याला जन्माशी बांधले आणि त्यातून फार मोठा अन्याय घडला. जंतूला कुळ कळत नाही. धुतलेला हात कोणाचाही असो, तो शुद्ध. न धुतलेला हात महाजनाचा असला तरी तो अशुद्धच. व्रणाचे सोवळे हे आचाराचे सोवळे आहे, जन्माचे नव्हे. आणि रुग्णालयात ज्या सफाई कामगाराच्या फडक्यावर फरशीची शुद्धता अवलंबून असते, तो या सोवळ्यात मुख्य पुजाऱ्याइतकाच मोठा ठरतो.

देवस्थानच्या महाजनांना गावात मान आहे. त्यांचा शब्द जेथे पोहोचतो तेथे डॉक्टरांचा कागद पोहोचत नाही. देवळाच्या दाराशी साबण आणि वाहते पाणी ठेवणे, उत्सवाच्या निमित्ताने साखर तपासणीची सोय करणे, आणि अंगारा देताना ‘कपाळाला लावा, जखमेला नको’ एवढे चार शब्द सांगणे, यास फार खर्च येत नाही. एखाद्या घरी छाती उघडून परत आलेला माणूस असेल, तर त्या वर्षी भेटीला गर्दी न करता त्याच्या बागेचे, त्याच्या बैलांचे काम शेजाऱ्यांनी वाटून घ्यावे. तो दारात खुर्ची टाकून बसलेला असावा, आणि त्याची बैलजोडी त्याच्या डोळ्यांसमोरून दुसऱ्याच्या हाती तोरणाकडे जावी. पुढच्या पोळ्याला कासरा पुन्हा त्याच्याच हाती यावा, यासाठी यंदाच्या पोळ्याला त्याने तो सोडावा. जाम नदीच्या काठी धैर्याची परीक्षा दगड झेलण्याने होत आली आहे. या जखमेपुढे ती तीन महिन्यांच्या संयमाने होईल.